एसाव येतोय, चारशे माणसं घेऊन: दुरावलेल्या भावाला सामोरं कसं जायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आपल्या कोल्हापूर भागात एक गंमत आहे. अनोळखी माणसालाही आपण ‘भावा’ म्हणतो. रिक्षावाला भावा, पंक्चरवाला भावा, गाडी आडवी घालणारासुद्धा भावाच. आणि त्याच वेळी कित्येकांच्या फोनमध्ये सख्ख्या भावाचा नंबर ब्लॉक असतो. मी कबनूरला राहतो. इचलकरंजीला लागून असलेलं गाव, घराघराला मागाचा खटखटाट. इथं भाऊ-भाऊ वेगळे झालेत हे सांगावं लागत नाही. एका शेडच्या मधोमध नवीन भिंत दिसली की समजायचं.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. त्यानं लिहिलं होतं की वाटणीत त्यानं थोरल्या भावाला फसवलं. कागदावर सगळं बरोबर होतं, पण फसवलं. आता आठ वर्षं झाली, आई थकलीय, आणि भावाच्या दारात जायची भीती वाटते. काय करू?

मी काही समुपदेशक नाही. पण मेसेज वाचल्यावर मला एक गोष्ट आठवली. साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, हिब्रू शास्त्रातली, बायबलच्या पहिल्याच पुस्तकातली. मराठी बायबलमध्ये त्या पुस्तकाचं नाव ‘उत्पत्ति’. याकोब आणि एसाव या जुळ्या भावांची गोष्ट. आज ती नीट उलगडून बघू. कारण भावाला फसवल्यानंतर त्याच्यासमोर कसं उभं राहायचं, यावर इतकं बारकाईनं लिहिलेलं मी तरी दुसरीकडं वाचलेलं नाही.

काही जण म्हणतील, हे आपलं कुठं? तर आपलंही आहे. रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज हीच गोष्ट आपली पूर्वजांची गोष्ट म्हणून सांगत आला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी शास्त्रातल्या कथांवर चक्क मराठीत कीर्तनं रचली. आणि कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी आले, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांतही ही गोष्ट वाचली जाते.

भांडण कशावरून झालं?

इसहाक आणि रिबका हे आईबाप. मुलं जुळी. आधी एसाव जन्मला, लालसर आणि केसाळ. त्याच्या पाठोपाठ याकोब, थोरल्याची टाच धरून. याकोब या नावाचा संबंध हिब्रूतल्या ‘टाच’ या शब्दाशीच आहे. एसाव शिकारी, रानात रमणारा. याकोब तंबूत राहणारा. बापाचा जीव थोरल्यावर, आईचा धाकट्यावर. शास्त्र हे एका ओळीत सांगतं आणि पुढं जातं, पण अर्धं भांडण तिथंच आहे.

मग दोन प्रसंग घडतात. पहिला: एसाव रानातून भुकेनं कासावीस होऊन येतो. याकोबानं मसुरीची आमटी शिजवलेली असते. तो म्हणतो, आमटी देतो, पण आधी थोरलेपणाचा हक्क मला दे. एसाव देऊन टाकतो. त्या काळी थोरल्या मुलाला वारशात दुप्पट वाटा मिळायचा, म्हणजे एका वाटीत सातबारा गेला म्हणा.

दुसरा प्रसंग जास्त दुखरा आहे. बाप म्हातारा, डोळ्यांनी दिसत नाही. मरण्याआधी थोरल्याला आशीर्वाद द्यायचा म्हणून तो त्याला शिकार आणायला पाठवतो. आई ऐकते. ती धाकट्याला थोरल्याचे कपडे घालते, हातांवर आणि मानेवर करडांची कातडी गुंडाळते आणि आत पाठवते. बाप विचारतो, तू कोण? याकोब सांगतो, मी एसाव. बाप चाचपतो. आवाज एकाचा वाटतो, हात दुसऱ्याचे. तरी आशीर्वाद देऊन टाकतो.

थोड्या वेळानं खरा एसाव येतो. सगळं कळल्यावर तो मोठ्यानं रडतो आणि बापाला विचारतो की तुमच्याकडं एकच आशीर्वाद होता का? मला विचाराल तर वाटणीच्या प्रत्येक भांडणाखाली हाच प्रश्न असतो. वरवर बोलणं जागेचं, मागांचं, विहिरीच्या पाळीचं. आत मात्र एवढंच असतं, की माझ्या वाट्याला काही उरलं होतं की नाही?

हिब्रूत एक गंमत आहे. थोरलेपणाचा हक्क म्हणजे ‘बेखोरा’. आशीर्वाद म्हणजे ‘बेराखा’. अक्षरं तीच, नुसती जागा बदललेली. याकोबानं दोन्ही नेलं. हे दोन शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

एसाव ठरवतो की बापाचं दुःख सरलं की याला मारायचं. आई धाकट्याला तिच्या भावाकडं, हारानला लाबानमामाकडं पाठवते. थोडे दिवस राहा म्हणते. ते थोडे दिवस वीस वर्षांचे होतात. आणि त्यानंतर मायलेकरांची भेट झाल्याचं शास्त्रात कुठंही येत नाही.

मामाकडं याकोबालाही तेच मिळतं. तो धाकट्या राहेलसाठी सात वर्षं राबतो आणि लग्नाच्या रात्री अंधारात त्याच्याकडं थोरली लेआ पाठवली जाते. सकाळी तो ओरडतो, तर मामा म्हणतो, आमच्याकडं थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. ज्यानं आंधळ्या बापाला फसवलं, त्याला अंधारानं फसवलं.

भीती: आधी ती मान्य करायची

वीस वर्षांनी याकोब बायका, मुलं, जनावरं घेऊन परत निघतो. वाटेत एसावचा मुलूख आहे. तो निरोप्यांना पुढं पाठवतो आणि निरोपात स्वतःला चाकर आणि भावाला धनी म्हणवतो. निरोपे परत येऊन सांगतात, एसाव भेटायला येतोय, सोबत चारशे माणसं आहेत.

बस्स, एवढंच. राग आहे की प्रेम आहे, काही कळत नाही. आपल्याकडं व्हॉट्सअॅपवर नुसता ‘ठीक आहे’ असा रिप्लाय येतो ना, तसंच. त्या दोन शब्दांत चारशे माणसं दिसतात.

शास्त्र सांगतं, याकोब फार घाबरला आणि त्याचा जीव कासावीस झाला. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे मोठे ज्यू भाष्यकार होऊन गेले. ते विचारतात, एकाच गोष्टीसाठी दोन शब्द का? त्यांचं उत्तर जुन्या परंपरेतलं आहे: आपण मारले जाऊ याची भीती, आणि आपल्या हातून दुसरा मारला जाईल याची तगमग. भावाच्या भांडणातली भीती अशीच दुहेरी असते. तो मला काय करेल, आणि मी त्याला काय करून बसेन.

मग याकोब तीन गोष्टी करतो. राशी त्या मोजून सांगतात: भेट, प्रार्थना आणि लढाईची तयारी. तो माणसं आणि जनावरं दोन टोळ्यांत विभागतो, एकीवर हल्ला झाला तर दुसरी निसटावी म्हणून. मग प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत तो बढाई मारत नाही. म्हणतो की मी या दयेला लायक नव्हतो, हातात नुसती काठी घेऊन ही नदी ओलांडली होती, आणि आता भावाची भीती वाटते, तो पोरांसकट आईला मारेल.

इथं श्रद्धा म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा नीट कळलं. भीती गेल्यावर श्रद्धा येते असं आपण समजतो. याकोबाची भीती अजिबात गेलेली नाही. तो देवाचं वचन आठवतो, भीतीचं नाव घेतो आणि तरीही निघतो. आणि प्रार्थना झाली म्हणून हातावर हात ठेवून बसतही नाही.

भेट: आणि तिचा हिशेब

आता आकडे ऐका. २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या उंटिणी पिलांसकट, ४० गायी, १० बैल, २० गाढवी आणि १० गाढव. पिलं सोडून ५५० जनावरं. आणि सगळी एकदम पाठवत नाही. कळप वेगवेगळे करतो, मध्ये अंतर ठेवतो. प्रत्येक राखणदाराला सांगून ठेवतो, एसाव भेटला की सांगा, हे तुमच्या चाकराकडून, आणि तो मागून येतोय.

कुणी म्हणेल, ही लाच झाली. हिशेबी माणसाचा हिशेबी माफीनामा. मलाही आधी तसंच वाटलं. पण बघा, एकदम येणारी गोष्ट माणसाला अंगावर आल्यासारखी वाटते. थांबत थांबत येणारी गोष्ट समोरच्याला श्वास घ्यायला वेळ देते. पहिल्या कळपावर एसाव रागावला असता तरी दुसरा येईपर्यंत थोडा निवळला असता. रागावलेल्या माणसाकडं एका दिवसात सगळं मागायचं नसतं.

याच ठिकाणी मूळ हिब्रूत ‘पानीम’, म्हणजे चेहरा, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. भेटीनं त्याचा चेहरा शांत करीन, मग त्याचा चेहरा पाहीन, कदाचित तो माझा चेहरा वर उचलेल. वीस वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही, त्याचं तोंड बघायचंय. मराठीत आपणही अबोला धरला की ‘तोंड बघणार नाही’ असंच म्हणतो.

रात्र: तुझं नाव काय?

रात्री याकोब सगळ्यांना यब्बोक नदीपार करतो आणि एकटा मागं राहतो. तिथं कोणीतरी त्याच्याशी पहाट होईपर्यंत झुंजतं. माणूस, देवदूत की देव, शास्त्र धूसर ठेवतं. झुंजीत याकोबाची मांडी निखळते, तरी तो सोडत नाही. आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो.

तेव्हा समोरचा विचारतो, तुझं नाव काय?

थांबा जरा. मागच्या वेळी त्यानं आशीर्वाद मागितला होता तेव्हाही हाच प्रश्न आला होता. तू कोण? तेव्हा त्यानं थोरल्याचं नाव सांगितलं होतं. या वेळी तो स्वतःचं नाव सांगतो. याकोब. टाच धरणारा, भावाच्या पायात पाय घालणारा. हो, तो मीच.

माझ्या मते गोष्टीचा कणा इथं आहे. भावासमोर जाण्याआधी त्याला स्वतःचं नाव खरं सांगावं लागलं. आणि मगच त्याला नवं नाव मिळतं, इस्राएल. तो त्या जागेला पनीएल म्हणतो, म्हणजे देवाचा चेहरा. सूर्य उगवतो आणि तो लंगडत पुढं जातो. सुटला, पण लंगडत. कातडं पांघरून थोरल्याचं सोंग घेणारा माणूस आता लंगडं अंग घेऊन उघडा पडलाय.

मिठी, आणि शब्दावरचे ठिपके

एसाव येताना दिसतो. आतापर्यंत याकोब सगळ्यांच्या मागं होता. आता तो स्वतः पुढं होतो आणि भावाजवळ पोचेपर्यंत सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. आणि एसाव? एसाव धावत येतो, मिठी मारतो, गळ्यात पडतो, मुका घेतो. दोघंही रडतात.

चारशे माणसांचं काय झालं, शास्त्र सांगत नाही. एसावचा राग कधी गेला, हेही सांगत नाही. आपण वीस वर्षं याकोबाच्या मागं फिरलो. एसावच्या घरी त्या काळात काय घडलं ते आपल्याला माहीतच नाही. दुरावलेल्या भावाबद्दल आपलं असंच होतं. आपल्या मनात तो अजून त्याच दिवशी उभा असतो, शिव्या देत. प्रत्यक्षात त्याचीही पोरं मोठी झालेली असतात.

ज्यू लोक आजही तोरा हाताने लिहितात, आणि ‘त्यानं मुका घेतला’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावर प्रत्येक अक्षरावर एकेक ठिपका देतात. हे ठिपके फार जुने आहेत. ते का, यावर जुना वाद आहे. काही गुरूंनी म्हटलं, मुका खोटा होता. एका कथेत तर एसाव चावायलाच आला होता, कारण हिब्रूत मुका आणि चावा हे शब्द ऐकायला जवळजवळ सारखे आहेत. उलट रब्बी शिमोन बार योहाय म्हणाले की एसावचा याकोबावर राग होता हे सगळ्यांना ठाऊक, पण त्या क्षणी त्याला खरंच पाझर फुटला आणि त्यानं मनापासून मुका घेतला.

मला हे ठिपके आवडतात. मिठी खरी की दिखाऊ, ही शंका त्यांनी पुसली नाही. पवित्र ग्रंथातच ती ठिपक्यांनी राखून ठेवली. समेट झाल्यावरही मनात शंका राहिली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मग जनावरांचा विषय निघतो. एसाव म्हणतो, भावा, माझ्याकडं भरपूर आहे, तुझं तुला राहू दे. याकोब ऐकत नाही. तो म्हणतो की तुझा चेहरा पाहून देवाचा चेहरा पाहिल्यासारखं झालं. रात्रीचं पनीएल आठवा. आणि पुढं, आतापर्यंत ज्याला तो भेट म्हणत होता, त्याच्यासाठी अचानक दुसरा शब्द वापरतो. माझी ‘बेराखा’ घे. म्हणजे आशीर्वाद घे. जे आंधळ्या बापाकडून चोरून नेलं होतं, तोच शब्द वापरून तो परत करतोय. ‘सॉरी’ शब्द अख्ख्या प्रसंगात कुठं नाही. पण काय नेलं होतं ते नेमकं नाव घेऊन परत देणं, यापेक्षा मोठी माफी कोणती?

मग एकत्र राहिले का?

नाही. आणि हे मुद्दाम सांगायला हवं. एसाव म्हणतो, चल, माझ्यासोबत सेईरला. याकोब म्हणतो, पोरं लहान आहेत, जनावरं दमतील, तू हो पुढं, मी हळूहळू येतो. आणि जातो सुक्कोथला. पुढं दोघांचं पशुधन इतकं वाढतं की एका मुलखात भागत नाही, म्हणून ते वेगळेच राहतात. पण बाप १८० वर्षांचा होऊन मरतो तेव्हा दोघं मिळून त्याला पुरतात. वेगळी चूल, पण बापाच्या मातीला दोघं.

आपल्या भागाला ही गोष्ट नवीन नाही. शाहू महाराज साताऱ्याला आणि त्यांचे चुलत भाऊ संभाजीराजे कोल्हापूरला, एका छत्रपतींच्या घराचे दोन तुकडे. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले तेव्हापासून दोन्ही घरांत संघर्ष. १७३० मध्ये लढाई झाली, कोल्हापूरकरांचा पराभव झाला. आणि १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडं. आपलं कबनूर त्याच बाजूला. घर पुन्हा एक झालं नाही, पण कोणाचं काय ते ठरलं.

कधी कधी समेट म्हणजे मधली नदी दोघांनी मान्य करणं. याकोबानंही मामाशी असाच तह केला होता, दगडांची रास रचून, की ही ओलांडून एकमेकांचं वाईट करायला यायचं नाही. भावासोबत मात्र दगड रचले नाहीत. तिथं फक्त रडले.

त्या श्रोत्याला

मित्रा, या गोष्टीतून मला चार गोष्टी दिसतात. भीती वाटते हे मान्य कर, ती जायची वाट बघू नकोस. जाण्याआधी स्वतःचं खरं नाव स्वतःला सांग, ‘कागदावर सगळं बरोबर होतं’ हे वाक्य दारात घेऊन जाऊ नकोस. नुसते शब्द नेऊ नकोस, जे नेलंस त्यातलं काहीतरी परत ने. आणि मिठी मिळाली तरी एकत्र कारखाना काढायची घाई करू नकोस.

आणि ज्यांना भावानं फसवलंय, तुम्ही एसाव आहात. तुमच्यावर धावत जायची सक्ती नाही. माफ करणं म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करणं नव्हे. जिथं मारहाणीचा धोका आहे तिथं तर लांबच राहा, याकोबही वीस वर्षं लांबच होता.

आमच्या शेडच्या मधोमधही एक भिंत आहे. पलीकडं काकांचे माग. मागच्या दिवाळीत पप्पा अकरा वर्षांनी फराळाचा डबा घेऊन तिकडं गेले. दहा मिनिटं बसले. बोलणं काय झालं, तर सुताचे दर आणि लाइट बिल. मी विचारलं, बाकी काही? म्हणाले, चहा दिला त्यानं, साखर कमी घालून, माझी शुगर त्याला माहीत होती.

भिंत आहे तिथंच आहे. डबा परत आला तेव्हा रिकामा नव्हता, एवढं सांगतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, भावांनो आणि बहिणींनो.